नोंद दहिसरपर्यंतच
वसई-विरारमध्ये रक्ताचा कर्करोग झालेली माणसं पूर्वी किती वर्षं जगत आणि आता किती जगतात, हे कागदांवरून ठरवायला बसलं की पहिली अडचण हद्दीची येते. मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिलीच. पण तिची हद्द बृहन्मुंबई, म्हणजे आपल्या बाजूला दहिसर. विरारचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात दाखल झाला तर तो रुग्णालयाच्या दप्तरात येतो, शहराच्या आकड्यात नाही.

नियम म्हणून ते बरोबरच आहे. दर काढायचा तर भागायची लोकसंख्या आणि मोजायचे रुग्ण एकाच गावचे हवेत. म्हणून निदानाआधी किमान वर्षभर मुंबईत राहणाऱ्यांनाच धरतात. नोंदणीची माणसं रुग्णालयांत जाऊन केसपेपर वाचत, महापालिकेच्या मृत्यू-नोंदींशी ताडून पाहत. खरी पंचाईत जगलेल्यांची. मेल्याचा दाखला निघतो, जिवंत असल्याचा कोण काढतो? मृत्यू-नोंदींत नाव नाही म्हणून माणूस जिवंत धरला, तर गावी जाऊन वारलेला कागदावर जगतच राहतो. मग पत्रं, फोन, घरभेटी.

तेव्हा वसई-विरारसाठी हाती उरतो तो रुग्णालयाचा पुरावा. टाटांचा या आजाराशी संबंध इमारतीहून जुना आहे: लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, १९३२ मध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमिया-संशोधनासाठी न्यास झाला, आणि रुग्णालय उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. जगण्याचे आकडे मात्र बऱ्याच उशिरा हललेले दिसतात. १९७०च्या दशकाअखेर तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची भारतात उपचार घेणारी जेमतेम २० टक्के मुलं वाचत. १९८४ पासून मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर ‘एमसीपी-८४१’ ही एकच उपचारपद्धत वापरली. हजारावर रुग्णांचा तो हिशेब २००५ मध्ये छापून आला, आणि त्यात चार वर्षांनंतर आजार न उलटलेले सुमारे निम्मे होते.

हे निम्मे कुणातले, ते मात्र विसरू नये. परळसारख्या केंद्रांत पोचलेल्यांतले. विरारहून गाडी पकडून जे कधी निघालेच नाहीत, ते या अपूर्णांकात वरही नाहीत आणि खालीही नाहीत. त्यामुळे १९८४ नंतरची चढण खरी मानूनही ती वसई तालुक्याची म्हणून सांगायला माझं मन धजत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची गोष्ट आणखी निराळी: तिथे इमॅटिनिबची रोजची गोळी आली, आणि १ एप्रिल २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिचा स्वस्त देशी पर्याय टिकला.

वसई-विरारचा स्वतःचा आकडा काढायचाच तर वाट एकच दिसते. परळच्या जुन्या केसपेपरांतून ४०१२ आणि ४०१३ने सुरू होणारे पिनकोड वेगळे काढायचे आणि त्यांची सांगड इथल्या मृत्यू-नोंदींशी घालायची. त्या नोंदी २००९ नंतर महानगरपालिकेच्या, त्याआधी चार नगरपरिषदांच्या आणि कितीतरी ग्रामपंचायतींच्या. पिनकोड १९७२ मध्ये आला. त्याआधीच्या कागदांत आगाशी, पापडी, निर्मळ ही गावंच शोधावी लागतील, तालुका वसई, जिल्हा ठाणे या पत्त्याखाली.