रिकाम्या खुर्चीचा महाराष्ट्रातील प्रवास

समोर एक रिकामी खुर्ची ठेवावयाची. तीत आपले वडील, सासू, निवर्तलेला भाऊ किंवा स्वतःचेच भित्रे मन बसले आहे असे मानावयाचे. त्याच्याशी मोठ्याने बोलावयाचे आणि मग उठून त्याच खुर्चीत बसून त्याच्या वतीने उत्तर द्यावयाचे. हा प्रकार प्रथम ऐकणारास हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु गेस्टाल्ट-उपचार नावाच्या मनोपचारपद्धतीत या खुर्चीने पुष्कळांचे वर्षानुवर्षांचे मौन सोडविले आहे. ती महाराष्ट्रात येऊन आता पन्नास वर्षे होऊन गेली, आणि तिचा येथील वृत्तांत मोठा बोधप्रद आहे.

गेस्टाल्ट हा जर्मन शब्द. आकृती, घडण, समग्र रूप असा त्याचा आशय. मराठी ग्रंथकारांनी त्यास 'समष्टी' व 'व्यूह' असे दोन पर्याय योजिले. व्यूह म्हटले की मराठी मनास अभिमन्यू आठवतो. आणि ते अगदीच गैरलागू नाही, कारण आत शिरलो पण बाहेर पडता येत नाही, हीच उपचारार्थ येणाऱ्या कित्येकांची तक्रार असते. इ. स. १९१२ मध्ये माक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांतून असे दाखविले की, मनुष्य तुकडे पाहून त्यांची बेरीज करीत नाही. तो एकदम आकृती पाहतो. सुटे स्वर ऐकू येत नाहीत, चाल ऐकू येते.

हा सिद्धांत डोळ्याकानांपुरता होता. तो सुखदुःखांस लावण्याचे साहस फ्रिट्झ पर्ल्स व त्यांची पत्नी लॉरा यांनी केले. पर्ल्स यांचा जन्म १८९३ मध्ये बर्लिन येथे ज्यू कुटुंबात झाला. १९२६ मध्ये फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या हाताखाली मेंदूस इजा झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करीत असता त्यांनी माणसाकडे समग्रपणे पाहण्याचा धडा घेतला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच हे दांपत्य प्रथम हॉलंडला व तेथून दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे जनरल स्मट्स यांच्या समग्रतावादाचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. गांधीजींना तुरुंगात घालणारे आणि पुढे गांधीजींनी स्वहस्ते केलेल्या चपला ज्यांना मिळाल्या, तेच हे स्मट्स! महायुद्ध संपल्यावर अमेरिकेस गेल्यानंतर १९५१ मध्ये पर्ल्स, राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांचा मूळ ग्रंथ निघाला, व १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे या पद्धतीची पहिली संस्था स्थापन झाली.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. न बोललेले भांडण, न रडलेले दुःख, अर्धवट राहिलेला निरोप या अपुऱ्या आकृती होत. त्या पुरत्या होईपर्यंत मनापुढून हलत नाहीत. म्हणून उपचारक भूतकाळ उकरीत बसत नाही. तो विचारतो, "आत्ता, हे बोलताना, तुमची मूठ का आवळली? घसा का कोरडा पडला?" खुर्चीची युक्ती मूळची व्हिएन्नाचे डॉक्टर मोरेनो यांच्या मनोनाट्यातील, पर्ल्स यांनी ती उचलली व आपलीशी केली.

येथपासूनच या पद्धतीस दोन तोंडे फुटली. फ्रिट्झ पर्ल्स १९६४ पासून कॅलिफोर्नियातील एसालेन येथे राहून मोठ्या सभेपुढे प्रयोग दाखवू लागले. ते विलक्षण बुद्धिमान, पण प्रेक्षकांचे लोभी. लॉरा न्यूयॉर्कलाच राहून एकेका माणसाबरोबर सावकाश काम करीत राहिल्या. प्रसिद्धी पतीस मिळाली. पद्धतीस टिकाऊपणा आला तो अधिक करून पत्नीसारख्यांमुळे, असे म्हणणे भाग आहे.

नवल असे की, हीच दोन तोंडे एकाच दशकात पुण्यास दिसली. १९७२ मध्ये अँथनी डिमेलो या येशुसंघी धर्मगुरूंनी पुण्याच्या दि नोबिली कॉलेजात 'साधना' ही संस्था काढली. डिमेलो मुंबईचे, जन्म १९३१ चा. शिकागो येथे त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या शिबिरांत धर्मगुरू व जोगिणी येत, आणि ज्यांनी आयुष्यभर इतरांची पापे ऐकिली ते स्वतःच्या रागालोभाविषयी प्रथमच तोंड उघडीत. त्यात पर्ल्स यांच्या पद्धतीचा वाटा मोठा होता. पुढे संस्था लोणावळ्यास गेली. डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे वारले. त्यांच्या लिखाणातील काही मते धर्ममताशी विसंगत असल्याचे रोमच्या धर्मपीठाने १९९८ मध्ये जाहीर केले. तथापि त्यांची पुस्तके जगभर वाचली जातच आहेत.

दुसरे दार कोरेगाव पार्कचे. रजनीशांचा आश्रम तेथे १९७४ मध्ये आला, आणि लवकरच पाश्चात्त्य उपचारकांचे गट तेथे भरू लागले. त्यांत गेस्टाल्ट होते, त्याहून तापट प्रकारही होते, व काही गटांत हाणामारीपर्यंत मजल जाई. एसालेनचे एक संस्थापक रिचर्ड प्राइस, जे खुद्द पर्ल्स यांच्या हाताखाली तयार झाले होते, ते येथे संन्यास घेऊन आले, आणि गटांतील हिंसा पाहून उद्विग्न होऊन परतले. १९७९ च्या जानेवारीत आश्रमाने हा हिंसेचा प्रकार संपल्याचे जाहीर केले. साधन तेच असता एका ठिकाणी ते औषध ठरावे व दुसऱ्या ठिकाणी दंगल, याचे कारण साधनात नव्हते. रडू फुटलेल्या माणसाजवळ नंतर कोण बसणार, याची तजवीज एका ठिकाणी होती व दुसऱ्या ठिकाणी पुरेशी नव्हती.

मात्र एक उणेपण दोहोंकडे सारखे होते. दोन्हींचा कारभार मुख्यतः इंग्रजीत चाले. रिकाम्या खुर्चीसमोर मराठी फारच थोडे बोलले गेले. याच्या उलट अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे भाग्य. किशोर फडके यांनी खुद्द एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला व त्यांचे विचार मराठीत आणले. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. गेस्टाल्टला असे मराठी घर मिळाले नाही.

आणि या पद्धतीस तर भाषा हाच प्राण आहे. पर्ल्स यांचा आग्रह असे की, 'हात थरथरतो' असे न म्हणता 'मी थरथरतो' असे म्हणावे, म्हणजे माणूस आपल्या भावनेची मालकी घेतो. आता मराठीत 'मला राग आला', 'मला रडू आले', 'मला भीती वाटते' हीच शुद्ध व सहज भाषा. येथे राग पाहुण्यासारखा बाहेरून येतो! इंग्रजी नियम जसाच्या तसा लावणारा उपचारक प्रत्येक मराठी वाक्यास पळवाट समजेल, आणि 'मला राग आला' व 'मी रागावलो' यांतील खरा फरक त्याच्या हातून निसटेल. संबोधनाचे तर विचारूच नये. सुनेने सासूस 'तुम्ही' म्हणावयाचे, पत्नीने पतीस 'अहो' म्हणावयाचे, विठोबास मात्र 'तू' म्हणावयाचे. ज्या पित्यास जन्मभर 'तुम्ही' म्हटले, त्यास खुर्चीत कल्पून मुलाच्या तोंडून एकदम 'तू' निघाले, तर ती केवढी घटना! इंग्रजीच्या एकुलत्या सर्वनामात ती घडूच शकत नाही.

कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची पत्नी मराठवाड्यात गावोगाव आढळते. तिला शोक करण्याची मुभा आहे. गेलेल्यावर रागावण्याची नाही. "तुम्ही सुटलात, मी काय करू?" हे वाक्य तिने कोणापुढे बोलावे? कॅनडात लेस्ली ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच अपुऱ्या भांडणांवर रिकाम्या खुर्चीचा कस लावून पाहिला, व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत. अनुपस्थितास उद्देशून बोलण्याची रीतही आपल्याकडे परकी नाही. जात्यावर बसलेली बाई दूरच्या भावाशी, मेलेल्या आईशी ओवीतून समोरासमोर बोलत असे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत वासुदेव, गोंधळी अशी किती सोंगे घेऊन त्यांच्या मुखाने बोलून दाखविले! यावरून आपल्या पूर्वजांस सारे मनोपचार ठाऊक होते असे कोणी म्हणू लागेल, तर तो पोकळ अभिमान होय. ओवीला ऐकून उत्तर देणारा उपचारक नव्हता. फार तर जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला जाऊ होती.

असा ऐकणारा खेड्यात कोठून यावयाचा? याच पैठण तालुक्यातील पाचोडचे एक उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग काढले. वर्षभर, संध्याकाळी एक तास, आणि शिकविणाऱ्या गावातल्याच स्त्रिया. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले. हे गेस्टाल्ट नव्हे. परंतु गावची बाई प्रशिक्षण घेऊन, रोज ठरल्या वेळी वर्तुळ भरवून, नाजूक विषय बोलता करू शकते, एवढे त्यावरून दिसते. तिच्या पाठीशी जाणता उपचारक मात्र हवा. खुर्चीपुढे बसविलेली विधवा घरी परतल्यावर रात्री तिचे काय होते, याची चौकशी त्याने केली पाहिजे.

२०२१ च्या कायद्याने समुपदेशकांसारख्या व्यावसायिकांच्या शिक्षणाचा व नोंदणीचा मार्ग आखून दिला आहे. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्या तारेच्या पलीकडे बसणाऱ्यांचे प्रशिक्षण कोणत्या भाषेतील उदाहरणांवर व्हावयाचे, तेवढे अद्याप ठरावयाचे आहे.