मेध्य वनस्पती व अतिचंचल बालके

अवधानन्यूनता व अतिक्रियाशीलता ही बालविकृती वैद्यकात अलीकडेच नामनिर्दिष्ट झाली. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात ‘अवधानदोष’ ही संज्ञा १९८० मध्ये आली. चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत, ती बुद्धिवर्धनासाठी. चंचल मुलांवर त्यांची योजना हा आधुनिक अर्थविस्तार होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील घरगुती बाळगुटीत वेखंड असते. वाचा शुद्ध व बुद्धी तल्लख होते, या समजुतीने ते सहाणेवर उगाळून देतात. चिनी वैद्यकातील शिचांगपू ही वनस्पती वेखंडाच्याच प्रजातीतील आहे. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ यांच्या विस्मरणावरील एका योगात ती कासवाच्या कवचासह येते आणि त्याच योगाचे फेरफार चीनमध्ये अतिचंचल मुलांना देतात. एवढ्यावरून दोन्ही परंपरांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही. या योगांवरील चाचण्याही बहुधा लहान व सदोष आहेत.

जम्मूकडील वेखंडाचे तेल प्रयोगांत उंदरांना कर्करोगजनक ठरले. त्यातील बीटा-असारोन हे द्रव्य त्यास कारणीभूत मानतात. अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाचा वापर निषिद्ध केला. गुटीतील वेखंडाचे वेढे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया बाळाच्या वयावरून ठरवीत. अशा एक-दोन वेढ्यांची मात्रा अत्यल्प असते. शाळकरी मुलांना महिनोन्‌महिने दिल्या जाणाऱ्या तयार चूर्णांना तो दाखला लागू पडत नाही.