शब्दांधळा पर्सी

मी अक्षरांवर जगणारा माणूस. म्हणूनच अक्षरांनी ज्याला जवळ केले नाही, अशा एका हुशार मुलाची गोष्ट मला सांगावीशी वाटते.

१८९६ साल. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावी डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तपासले. मुलगा चलाख, खेळात चपळ, नजरही चांगली. सात वर्षे शाळा आणि शिकवण्या झाल्या होत्या, पण साधा मजकूर त्याला वाचता येत नव्हता. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी आणि ते त्याच्या ध्यानात येत नसे. याच मुलाने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार मात्र भराभर आणि बिनचूक केला! सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. मॉर्गन यांनी ही हकीकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. या दोषाला त्यांनी जन्मजात शब्दांधता म्हटले. आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो.

दोषाला नाव मिळाले, उपाय मिळायचा होता. १९२५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांच्याकडे असाच एक सोळा वर्षांचा मुलगा आला. चाचणीत त्याचा बुद्ध्यंक ७१ निघाला. ऑर्टन यांनी तो आकडा शेवटचा मानला नाही. मुलाशी बोलून त्यांनी ओळखले, की त्याची बुद्धी या मापात मावलेली नाही. पुढे अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने त्यांच्या विचारांवरून पद्धत बसवली. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, तोंडाने म्हणायचे, कानांनी ऐकायचे आणि बोटाने गिरवायचे, हे सारे एकाच वेळी.

पर्सीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. तरीही योग्य तज्ज्ञ शोधताना पालकांची दमछाक होते. कारण हुशार मूल पाठांतराने आपली अडचण झाकते आणि अडचण त्याची हुशारी झाकते. मग सगळे म्हणतात, 'अभ्यासच करत नाही.' म्हणून तज्ज्ञाकडे गेल्यावर एक गोष्ट पाहावी. मुलाला काय येत नाही, एवढेच तो विचारतो, की काय छान येते, हेही विचारतो?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बंद पडलेला रेडिओ तो उघडून दुरुस्त करायचा. वाचायला उभे केले, की त्याला घाम फुटायचा. वर्ग हसायचा, मीही हसायचो. सातवीत त्याने शाळा सोडली. पर्सीला निदान एक समजून घेणारा डॉक्टर भेटला. माझ्या त्या सोबत्याच्या वाट्याला आमचे हसणेच आले.