विस्मरणाचा जमाखर्च

रात्रीं दिव्याशीं बसून पाठ केलेले परभाषेंतील वीस शब्द सकाळीं आठवावयास जावें, तों त्यांतील निम्मे नाहींसे झालेले असावेत, हा अनुभव कोणत्या विद्यार्थ्याला नाहीं? मराठी मुलखांतील जुन्या पंतोजींनीं या दुखण्यावर एकच औषध योजिलें होतें. तें म्हणजे रोज म्हणणें. दिवेलागणीला परवचा, त्यांत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पाठशाळेंतील विद्यार्थी अमरकोशहि याच रीतीनें मुखोद्गत करीत. औषध गुणकारी खरें; परंतु त्यांत एक अपव्यय होता. जें पक्कें झालें आहे आणि जें कच्चें राहिलें आहे, त्या दोहोंना सारखाच वेळ द्यावा लागे. पाढे थोडे, म्हणून तें निभे. परभाषेचे हजारों शब्द रोज म्हणूं गेल्यास दिवस पुरणार नाहीं. मग कोणता शब्द केव्हां म्हणावा? आज असंख्य विद्यार्थी मोबाईलवरील फ्लॅशकार्डांच्या ॲपच्या साहाय्यानें परक्या भाषेचे शब्द शिकतात. तें ॲप म्हणजे या एकाच प्रश्नाचें उत्तर होय; आणि तें उत्तर हातीं येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

या शोधाचा आरंभ जर्मनींत झाला. हेर्मान एबिंगहाऊस नांवाच्या तरुण पंडितानें १८७९ सालीं स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग सुरू केले. दोन व्यंजनें आणि त्यांच्यामध्यें एक स्वर, अशीं सुमारें २,३०० निरर्थक अक्षरें त्यानें तयार केलीं. अर्थाचा आधार मिळाला कीं स्मृतीचें माप चुकतें, म्हणून हीं अर्थहीन अक्षरें. त्यांच्या ओळी तो बिनचूक पाठ करी, कांहीं काळ जाऊं देई, आणि त्याच ओळी पुन्हां पाठ करण्यास किती श्रम वांचले याची नोंद ठेवी. वीस मिनिटांनंतर शेंकडा ५८ श्रम वांचत. एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४, आणि महिन्यानंतर २१. म्हणजे विस्मरणाची धांव आरंभीं फार वेगाची असते आणि पुढें पुढें मंदावत जाते. याहूनहि मोलाची एक गोष्ट त्याला आढळली. एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जो लाभ झाला, तोच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीं झाला. १८८५ सालीं त्यानें हे सारे निष्कर्ष पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले.

पुढें इंग्लंडांत सी. ए. मेस यानें १९३२ सालीं अभ्यासाच्या रीतीवर लिहितांना असें सुचविलें कीं, उजळणी एक, दोन, चार, आठ दिवस अशा वाढत्या अंतरानें करावी. १९३९ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत हर्बर्ट स्पिट्झर याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानें सहाव्या इयत्तेच्या ३,६०५ मुलांना एक उतारा वाचावयास दिला होता. वाचल्यावर लवकरच ज्यांची परीक्षा घेतली, त्यांच्या तो अधिक लक्षांत राहिला. यांतून दिसून आलें कीं, परीक्षा हें केवळ मोजमाप नव्हे. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मृतीला बळकटी आणतो. उत्तर नजरेसमोर ठेवून शंभरदां वाचण्यापेक्षां तें झांकून एकदां आठवावें, हें बरें. कार्डाच्या एका अंगास प्रश्न आणि दुसऱ्या अंगास उत्तर लिहिण्याचें मर्म हेंच.

१९६७ सालीं अमेरिकेंतील भाषाशिक्षक पॉल पिम्सलर यानें परभाषेच्या शब्दांसाठीं पांच सेकंदांपासून दोन वर्षांपर्यंत वाढत जाणाऱ्या अंतरांचें वेळापत्रक मांडलें. परंतु सर्व शब्द सारखे कठीण नसतात आणि सर्व डोकींहि सारखीं नसतात. या अडचणीवर सेबास्टियन लाइटनर यानें १९७२ च्या आपल्या जर्मन पुस्तकांत एक साधी पेटी सुचविली. पेटीस पांच खण, आणि प्रत्येक खण आधींच्याहून रुंद. शब्द आठवला कीं कार्ड पुढच्या खणांत जाई. चुकला कीं परत पहिल्या खणांत येई. खण भरल्यावर त्याची उजळणी करावयाची. रुंद खण भरावयास वेळ लागे, म्हणून पक्के शब्द आपोआपच क्वचित् पुढें येत. पंतोजींच्या रीतींतील अपव्यय येथें टळला.

पेटीचें काम यंत्राकडे सोंपविलें तें पोलंडमधील पोझ्नान येथील प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्यानें. इंग्रजी शब्द ध्यानांत राहीनात, म्हणून १९८५ सालीं त्यानें शब्दांचीं पानें करून स्वतःवरच प्रयोग केले, आणि डिसेंबर १९८७ मध्यें संगणकावर सुपरमेमो हा कार्यक्रम चालू केला. त्याचें गणित सुबोध आहे. पहिली उजळणी एका दिवसानें, दुसरी त्यानंतर सहा दिवसांनीं. पुढें मागील अंतराची सुमारें अडीचपट, म्हणजे पंधरा दिवस, मग अडतीस. शब्द जड जात असेल तर ही पट १.३ पर्यंत उतरते; विसरला तर पुन्हां पहिल्या दिवसापासून आरंभ. डेमियन एल्म्स यानें जपानी भाषेच्या अभ्यासाच्या सोयीसाठीं २००६ सालीं आणलेलें अंकी हें ॲप याच गणिताच्या सुधारलेल्या रूपावर उभें राहिलें. अंकी या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर असा आहे. २०२३ पासून त्यांत एक नवी रीतहि उपलब्ध झाली आहे; ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मागील उत्तरांवरून पुढील अंतरें ठरविते.

या इतिहासांत एक गोष्ट ठळकपणें दिसते. एबिंगहाऊस असो कीं वोझ्नियाक, दोघांनींहि आपल्या विसराळूपणाची लाज न बाळगतां त्याचा चोख जमाखर्च ठेवला. ॲप ही केवळ खतावणी आहे. रोजकीर्द विद्यार्थ्यानेंच लिहावयाची असते. शब्द आठवला नसतांना ‘आठवला’ असें बोट दाबणारा मुलगा यंत्राला फसवीत नाहीं. तो खोटी जमा दाखवून स्वतःचें दिवाळें काढतो. चार दिवस उजळणी चुकली तर थकबाकी सांचते, आणि तिच्या भारानें अनेकांचा अभ्यास सुटतो.

यंत्राची मर्यादाहि एबिंगहाऊसनेंच दाखवून ठेवली आहे. त्यानें बायरनच्या ‘डॉन जुआन’ काव्यांतील कडवीं पाठ करून पाहिलीं, तेव्हां निरर्थक अक्षरांच्या मानानें एकदशांशच श्रम पडले. अर्थ, लय आणि वाक्याचा संबंध हेच स्मृतीचे खरे सोबती. पुण्यामुंबईंत जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्या मुलामुलींनीं शब्द जरूर या रीतीनें सांठवावे. परंतु सुटा शब्द हें नाणें आहे, आणि तें बोलण्यांत, वाचनांत, लिहिण्यांत चालविल्यावांचून त्याला मोल येत नाहीं. जुन्या घरांत परवचा ऐकावयास आजोबा समोर बसलेले असत. मूल अडखळलें तर त्यांच्या कानाला तें लगेच कळे. ॲपपुढें बसलेल्या विद्यार्थ्यानें आजोबांची ती जागा स्वतःच घ्यावयाची असते.