नवी गाडी, तेच दुखणे : ग्राहकाचे हक्क काय?

येरमाळ्याच्या परिसरात नवी गाडी आली, की तिला हार घालून येडेश्वरीच्या दर्शनाला नेले जाते आणि चाकाखाली लिंबू ठेवून प्रवासाचा श्रीगणेशा होतो. अमेरिकेत मात्र पुन:पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीलाच ‘लिंबू’ म्हणतात. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये अशा गाड्यांसाठी खास कायदा केला. वाजवी प्रयत्नांनंतरही दोष दूर झाला नाही, तर गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, हे त्याचे सूत्र होते. पुढे तेथील सर्वच राज्यांनी तसे कायदे केले.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. याचा अर्थ ग्राहक निराधार आहे असा नव्हे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला असून, सदोष गाडीच्या तक्रारींना तोच लागू होतो.

दोष कशाला म्हणावे?

वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता किंवा मानक कायद्याने, कराराने अथवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जसे असायला हवे, त्यात कोणतीही उणीव असेल तर कायदा तिला ‘दोष’ मानतो. वर्कशॉपने केलेली निष्काळजी दुरुस्ती ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. या दोन बाबी वेगळ्या असल्याने तक्रारीत त्यांची मांडणीही स्वतंत्रपणे करावी.

दोष सिद्ध झाल्यास आयोग कलम ३९ अन्वये दोष दूर करण्याचा, गाडी बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. तथापि, गाडी चार वेळा वर्कशॉपमध्ये गेली म्हणून पाचव्या वेळी नवी गाडी मिळेलच, असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीच्या अटींकडे लक्ष वेधले. सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढीच कंपनीची हमी असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. फियाट इंडियाच्या २०१० मधील प्रकरणात मात्र, स्वतंत्र तज्ज्ञाने गाडीत मूलभूत उत्पादन-दोष असल्याचे मत दिल्यास ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळेल, असे निर्देश दिले गेले. उत्पादन-दोष सिद्ध होणे किती निर्णायक ठरते, हे या दोन निकालांवरून ध्यानात येते.

गोव्यातील एका प्रकरणाचा धडा वेगळा आहे. २००९ साली तयार झालेली आणि आधी काही अंतर चाललेली गाडी नवी म्हणून विकल्याची तेथील ग्राहकाची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेत्याच्या कृत्यात उत्पादकाचा सहभाग किंवा त्याला त्याची माहिती असल्याचे दाखविल्याविना उत्पादकाला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून तक्रारीत उत्पादक व विक्रेता या दोघांनाही प्रतिपक्ष करावे आणि प्रत्येकाने नेमके काय चुकविले, ते वेगवेगळे लिहावे.

दुसरीकडे, अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंदाईच्या प्रकरणात २०२२ मध्ये ग्राहकाला गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. सुरक्षेशी निगडित दोषाकडे न्यायालय किती गांभीर्याने पाहते, हे यातून दिसते.

कागद हाच साक्षीदार

तक्रारीचा पाया वर्कशॉपच्या टेबलावरच रचला जातो. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

- प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड मागून घ्यावे. ‘जनरल चेकअप’ अशी मोघम नोंद मान्य करू नये. ‘चढावर गिअर निसटतो’, ‘गाडी चालताना बंद पडते’ असे लक्षण स्वत:च्या शब्दांत लिहवून घ्यावे.
- गाडी स्वत: चालवून पाहिल्याविना ‘काम समाधानकारक’ या शेऱ्याखाली सही करू नये.
- तारीख, किलोमीटरचा आकडा आणि गाडी किती दिवस अडकली, याची नोंद ठेवावी. बिघाडाचे चित्रीकरण उपयोगी पडते.
- ठरलेल्या सर्व्हिसिंग चुकवू नयेत व बाहेरच्या मेकॅनिककडून इंजिन उघडून घेऊ नये. अन्यथा वॉरंटी नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते.
- येरमाळ्याहून सोलापूर वा लातूरच्या वर्कशॉपपर्यंत झालेल्या फेऱ्या, इंधन आणि भाड्याच्या वाहनाच्या पावत्या जपाव्यात. नुकसानभरपाईचा आकडा त्यांवरूनच ठरतो.
- रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. बँकेशी झालेला करार स्वतंत्र असतो.

त्यानंतर विक्रेता व उत्पादक दोघांनाही ई-मेल आणि स्पीड पोस्टने लेखी नोटीस द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. काही प्रकरणे याच टप्प्यावर मिटतात.

तक्रार कोठे, किती खर्चात?

गाडी पुण्यात घेतली म्हणून पुण्यालाच खेटे घालण्याची गरज नाही. नव्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे येरमाळ्याच्या रहिवाशाला धाराशिवच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते.

मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे व त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. ८ लाखांच्या गाडीसाठी शुल्क केवळ २०० रुपये आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते.

दोष तपासणीविना कळण्याजोगा नसेल, तर कलम ३८ अन्वये गाडी योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी तक्रारीतच करावी. त्यासाठीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते, मात्र तज्ज्ञाचा अहवाल बहुतेक वेळा निकालाची दिशा ठरवितो. मुख्य मागणी गाडी बदलण्याची वा पैसे परत करण्याची ठेवून, पर्यायी मागणी दुरुस्ती, वाढीव वॉरंटी व भरपाईची ठेवावी. तपासणीसह तक्रार ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. व्यवहारात याहून अधिक काळ लागतो, याची तयारी ठेवावी.

व्यवसायाची गाडी असेल तर?

व्यापारी हेतूने खरेदी करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी गाडी घेऊन ती चालविणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. येरमाळा-कळंब मार्गावर एकच जीप घेऊन पोट भरणाऱ्याने म्हणूनच ‘उपजीविकेसाठी’ हा मुद्दा तक्रारीत स्पष्टपणे नोंदवावा.

दोन वर्षांची मर्यादा

तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे जाणे आवश्यक आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यावर विसंबू नये. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या गोड आश्वासनांतच अनेकांची मुदत सरून जाते. तोच बिघाड तिसऱ्यांदा उद्भवला, की तोंडी तक्रार थांबवून लेखी तक्रार सुरू करावी, हे उत्तम.