खालून वारा जाऊ दे

हडपसरला आमच्या सोसायटीची इमारत खांबांवर उभी आहे, कारण खाली गाड्या लावायच्या असतात. अंटार्क्टिकातलं आपलं 'मैत्री' हे केंद्रही खांबांवरच आहे, पण त्याच्या खालून वारा जातो. वाऱ्याला वाट ठेवायची हे आपण एक अख्खं घर गमावून शिकलो.

ते घर म्हणजे 'दक्षिण गंगोत्री'. गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४च्या उन्हाळ्यात ते उभारलं. (नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत याच मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकात पोचलेल्या पहिल्या महिला.) लष्कराच्या इंजिनियरांनी काही आठवड्यांत काम संपवलं. संपवावंच लागतं, कारण समुद्र गोठायच्या आत जहाज परत फिरतं. ही डेडलाइन कुठलाच मॅनेजर पुढे ढकलू शकत नाही. मग बारा जण हिवाळा काढायला मागे राहिले.

पण घर होतं समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर. जहाजातून सामान उतरवायला सोयीचं, राहायला घातक. तिथला वारा सुटा बर्फ वाहून आणतो. मध्ये भिंत आली की आडोशाला वारा मंदावतो आणि बर्फ तिथेच साचतो. तो वितळत नाही. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर. १९९०च्या सुमारास ते केंद्र सोडून द्यावं लागलं, तोवर ते बर्फात गाडलं गेलं होतं. यात आपण एकटे नव्हतो. ब्रिटिशांची 'हॅली' नावाची पहिली चार केंद्रं अशीच बर्फाखाली गेली. पाचव्याला त्यांनी पाय दिले आणि सहाव्याच्या पायांना स्की, म्हणजे ओढून हलवता येईल.

आपण खडक निवडला. 'मैत्री' १९८९मध्ये शिर्माकर ओअॅसिसमध्ये उभं राहिलं, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत. सामान ओढत न्यायचा त्रास वाढला, पण पायाखाली जमीन आली आणि शेजारी गोड्या पाण्याचा तलाव. पोलादी खांबांमुळे वारा खालच्या फटीतून जोरात निघतो आणि बर्फ पुढे झाडून नेतो. या उभारणीत आपल्या दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेचा हात होता. हडपसरहून तिकडे जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे माहीत असेल?

२०१२मध्ये 'भारती' आलं, १३४ कंटेनर जोडून केलेलं. तरी 'मैत्री' चालूच आहे. ते बांधलं होतं जेमतेम दहा वर्षांसाठी. तात्पुरता म्हणून लिहिलेला कोड वर्षानुवर्षं चालतो, तसंच. पस्तीस वर्षं उलटली, अजून दर हिवाळ्यात तिथे माणसं राहतात.