जुने पेन आणि गंधक

मुखेडच्या एखाद्या घरी ट्रंकेत आजोबांचे तरफेचे फाउंटन पेन सापडते. निब शाबूत, नळीही धड. पण शाई ओढणारी आतली रबरी पिशवी कडक होऊन तुकडे झालेली. पिशवी आणि नळी दोन्ही रबराचीच, मग एकच का मोडली?

उत्तर गंधकात आहे. रबरात गंधक मिसळून तापवण्याच्या कृतीचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळाले. गंधक थोडा असला की रबर लवचीक राहते. त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये भरपूर गंधकाच्या कठीण रबराचे पेटंट घेतले, तेच एबोनाइट. त्यात गंधक सुमारे ३० टक्के असतो. रेणूंतले बहुतेक दुहेरी बंध गंधकाने व्यापलेले असतात. मऊ पिशवीत ते मोकळे राहतात आणि हवेतील ऑक्सिजन त्यांना गाठतो.

तेव्हा मूळ कंपनीचा भाग मिळाला नाही म्हणून पेन टाकून देऊ नये. पिशवी कोणतीही चालते, व्यास मात्र जुळावा. जुने तुकडे खरवडून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने नवी चिकटवावी. पेन गरम पाण्यात बुडवू नये. एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो. नळीच फुटली असेल तर एबोनाइटची कांडी लेथवर कातता येते. राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेने घडवली, ती अशीच.

हे पेन वर्गात उघडून दाखवावे. रबराचे रसायन मुलांच्या हाती येईल, आणि आजोबांची निब पुन्हा लिहू लागेल.